छापलेला आकडा

१९७९ सालच्या फेब्रुवारीत लंडनहून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स' या जर्नलमध्ये चार जपानी संशोधकांचा जेमतेम तीन पानांचा एक पेपर छापून आला. मिया, तेरुनुमा, होसाका आणि मियाशिता ही त्यांची नावं. त्यांनी काचेचा तंतू ओढला, त्यातून १.५५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश सोडला आणि किलोमीटरमागे प्रकाश किती घटतो ते मोजलं. आकडा आला ०.२ डेसिबल. त्याच वर्षी आपल्या पुण्यात दोन टेलिफोन एक्स्चेंजच्या मध्ये भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर लाइन सुरू झाली.

तेव्हा मी मलकापुरातून सायकलवर कराडला शिकायला जात होतो. गावात टेलिफोन मोजक्या घरांत होता आणि मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून पोस्टात बसून राहावं लागे. पुढे मी टेलिफोन खात्यात ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो, जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरला जाऊन आलो, आणि नोकरीची बरीचशी वर्षं पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला, जमिनीखाली पुरलेल्या केबलच्या मागे गेली. आज ढेबेवाडी फाट्यावर उभं राहिलं की समोर उड्डाणपुलाचे खांब दिसतात, दोन्ही बाजूंना दवाखाने, हॉटेलं, शोरूम दिसतात, पश्चिमेला आगाशिवाचा डोंगर दिसतो. केबल दिसत नाही. तिच्यातून जाणारा प्रकाश तर डोळ्याला कधीच दिसत नाही, कारण तो इन्फ्रारेड असतो.

या केबलचा इतिहास सांगताना लोक कंपन्यांची, मंत्र्यांची आणि योजनांची नावं घेतात. ती नावं घ्यावीत. पण मी जितकं वाचलं आणि हाताळलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की हे तंत्रज्ञान पुढे सरकलं ते छापलेल्या आकड्यांच्या जोरावर. कोणी तरी एक आकडा मोजला, तो कसा मोजला ते लिहिलं आणि अनोळखी माणसांच्या हाती दिला. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाने तो वाचला आणि त्याला झोप लागेना. ही साखळी आमच्या मलकापूरच्या चरापर्यंत येते. तिची पुढची कडी इथून निघाली नाही, याची मला खंत आहे.

डेसिबल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळा खेळ त्याचा आहे. १० डेसिबल घट म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा उरला. २० म्हणजे शंभरावा. १९५०-६० च्या काळात चांगल्यातली चांगली काच किलोमीटरमागे १००० डेसिबल प्रकाश खात असे. वीस मीटरवर शंभरातला एक हिस्सा उरायचा, किलोमीटरभर जाण्याची बातच नको. आता ०.२ चा हिशेब करा. सातारा ते कराड साधारण पन्नास किलोमीटर. पन्नास गुणिले ०.२ म्हणजे १० डेसिबल. साताऱ्याला सोडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा कराडला पोचतो, तोही मधे कुठेही मदत न घेता. प्रत्यक्षात जॉइंटमध्ये थोडा आणखी जातो, पण काम भागतं.

१००० ते ०.२ हा प्रवास पंचवीस वर्षांचा.

सुरुवात एका भारतीयाच्या नावाने होते. नरिंदरसिंग कपानी मूळचे पंजाबातल्या मोगाचे. डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी काम केलं आणि पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन केलं. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये हॉपकिन्स आणि कपानी यांचा पेपर आला: काचेच्या बारीक तंतूंची जुडी वाकवली तरी तिच्यातून चित्र पलीकडे नेता येतं. पोटाच्या आत बघायच्या दुर्बिणीचा तो पाया. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ झालं ते कपानींच्याच लिखाणामुळे. २०२० च्या डिसेंबरात ते गेले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

त्याच अंकात डेल्फ्टच्या अब्राहम व्हॅन हील यांचंही एक लहानसं टिपण होतं. वाचणाऱ्यांचं लक्ष मोठ्या पेपरकडे गेलं, पण आमच्या कामाची गोष्ट त्या टिपणात होती. उघडा तंतू शेजारच्या तंतूला टेकला, त्याला बोट लागलं, धूळ बसली, की प्रकाश तिथून निसटतो. व्हॅन हील म्हणाले, तंतूला कमी अपवर्तनांकाच्या पारदर्शक पदार्थाचं आवरण द्या, म्हणजे प्रकाश आतल्या आतच परतत राहील. आज जमिनीखालच्या प्रत्येक तंतूला असं आवरण असतं. आम्ही त्याला क्लॅडिंग म्हणतो. व्हॅन हील यांनी ही गोष्ट सहा महिने आधीच, जून १९५३ मध्ये, 'दे इंगेन्यूर' या डच नियतकालिकात छापली होती. ती हॉलंडबाहेर फारशी कोणी वाचली नाही. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याला ही हकिगत लागते. आपल्या भाषेत लिहिलंच पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, ते याच श्रद्धेने. पण मोजलेला नवा आकडा जगापुढे ठेवायचा असेल तर तो जग वाचतं त्या ठिकाणीही ठेवावा लागतो. दोन्ही करावं लागतं, आणि दोन्ही करायला माणूस थकतो, हेही खरं.

आता १९६६. मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली ते हेच वर्ष. इंग्लंडात हार्लो इथल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम हे दोन तरुण इंजिनिअर काम करत होते. त्यांचा पेपर जुलै महिन्यात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आला. आठ पानं. त्याची झेरॉक्स मी दिल्लीच्या इन्सडॉककडून टपालाने मागवली होती. ही संस्था १९५२ पासून देशभरातल्या लोकांना परदेशी जर्नलमधल्या लेखांच्या प्रती करून पाठवत असे. गावाकडच्या माणसाला पैसे भरून अर्ज पाठवायचा आणि वाट बघायची, एवढंच करता येई. पाकीट आलं तेव्हा समीकरणांतले लहान अंक काळ्या ठिपक्यांत बुडाले होते आणि आलेखांच्या कडा कापल्या गेल्या होत्या. तरी शेवटचा भाग स्पष्ट वाचता येत होता.

तिथे त्यांनी म्हटलं होतं, की काच प्रकाश खाते हा काचेचा जन्मजात दोष नाही, तिच्यात मिसळलेल्या लोखंडासारख्या अशुद्धीचा तो दोष आहे. घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत आणली तर टेलिफोनसाठी फायबर वापरता येईल, आणि निसर्गाने घातलेली मर्यादा या आकड्याच्या बरीच खाली आहे. त्या वेळी हातात काय होतं? १००० डेसिबलची काच. तो पेपर मी अनेकदा वाचला. प्रत्येक वेळी मला त्यातल्या धाडसापेक्षा नेमकेपणाचं नवल वाटतं. 'काच सुधारली पाहिजे' असं मोघम लिहून ते मोकळे झाले असते, तर काच करणाऱ्यांनी मान डोलावून पान उलटलं असतं. त्यांनी २० म्हटलं. २० म्हटल्यावर ते जमलं का नाही हे कोणालाही तपासता येतं.

काव नुसतं छापून थांबले नाहीत. प्रयोगशाळा, काचेचे कारखाने, टेलिफोन कंपन्या, जपान, अमेरिका असे ते फिरले. बहुतेकांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या लोकांनी मात्र मनावर घेतलं, आणि त्यांची विचारणा अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीपर्यंत गेली. तिथे रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी शुद्ध सिलिकाचा मार्ग धरला. १९७० च्या ऑगस्टमध्ये केकने मोजलं तर आकडा १७. नोव्हेंबरात या कामाचा पेपर 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये छापून आला. २० चं आव्हान छापल्यापासून चार वर्षांत त्याचं उत्तर छापलं गेलं. काच कशी केली ते मात्र त्याआधीच पेटंटच्या अर्जात जाऊन बसलं होतं. मला यात काही वावगं दिसत नाही. त्यांनी पैसा घातला होता. पण आकडा त्यांनी लपवला नाही, आणि त्या आकड्यानेच बेल लॅब्जला, जपान्यांना, सगळ्यांना पळायला लावलं.

कावना नोबेल मिळालं २००९ साली, तब्बल त्रेचाळीस वर्षांनी. तोवर त्यांना अल्झायमर झाला होता आणि त्यांचं नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिलं.

सत्तरच्या दशकात या विषयाची गती इतकी वाढली, की पेपर छापायची पद्धतही तिच्या मागे पळू लागली. मोठा निबंध लिहून वर्षभर वाट बघणं परवडेना, म्हणून 'लेटर्स' नावाच्या पत्रिकांतून दोन-तीन पानं घाईने छापायची रीत या विषयात रुळली. १९७५ साली अमेरिकेत विल्यम्सबर्गला आणि युरोपात लंडनला फक्त फायबरवरच्या परिषदा सुरू झाल्या. त्या आजही ओएफसी आणि इकॉक या नावांनी भरतात. तिथे मुदत उलटल्यावर आलेल्या अगदी ताज्या कामासाठी वेगळं सत्र असतं, आणि विक्रम मोडल्याच्या बातम्या त्या सत्रात फुटतात. १९८३ पासून 'जर्नल ऑफ लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी' निघू लागलं. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनच्या डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या फायबरमध्ये प्रकाश प्रकाशानेच वाढवून दाखवला, तेही 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स'मध्येच. त्यानंतर समुद्रतळाच्या लांबच लांब केबल टाकणं सोपं झालं.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? आयआयटी दिल्लीत सोढा, घटक, त्यागराजन यांच्या गटाने सिद्धान्ताच्या बाजूने भक्कम काम केलं. सोढा आणि घटक यांचं पुस्तक १९७७ सालीच परदेशात छापलं गेलं. कलकत्त्याच्या सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटने काचेच्या बाजूने हात घातला. महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर आयआयटी मुंबईचे डॉ. रघुनाथ शेवगावकर. ते पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि आयआयटी दिल्लीचे संचालक झाले. ऑप्टिकल कम्युनिकेशनवरची त्यांची एनपीटेलची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट मिळतात. आमच्या भागातल्या किती तरी पोरांनी हा विषय त्यांच्या तोंडून शिकला आहे. फळ्यावर ते एकेक पायरी मांडतात, घाई करत नाहीत. नव्वदनंतर मराठवाड्यात वाळूजला आणि पुढे शेंद्र्याला फायबर आणि त्याची काच करण्याचे कारखाने उभे राहिले. महाराष्ट्रात ओढलेला तंतू आज जगभर जातो.

कराडला शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे. आमच्या भागातल्या पोरांनी फायबर शिकलं ते कायझर आणि सीनियर या दोघांच्या पाठ्यपुस्तकांतून. पुस्तक छान असतं, पण त्यात आकडा तयार होऊन आलेला असतो. तो कोणी, कधी, कोणत्या उपकरणाने, किती वेळा फसल्यावर मोजला, हे पुस्तक सांगत नाही. मूळ पेपर सांगतो. म्हणून मी मूळ पेपरांच्या मागे लागलो.

नव्वदच्या दशकात हायवेच्या कडेने आमच्याकडे केबल पडली. चर खणायचा, वाळू टाकायची, एचडीपीई पाइप टाकायचा, त्यातून केबल ओढायची, ठरावीक अंतरावर जॉइंटचा खड्डा ठेवायचा. जॉइंट करणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. खड्ड्याशेजारी ताडपत्रीचा तंबू ठोकायचा, कारण हायवेची धूळ स्प्लायसरची, म्हणजे तंतू जोडायच्या मशिनची, वैरी. केबल सोलली की बोटांना चिकट जेली लागते, ती पाणी आत जाऊ नये म्हणून भरलेली असते. रंगाने ओळखायचे तंतू: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. तंतूवरचं प्लॅस्टिकचं साल स्ट्रिपरने काढायचं. उरते १२५ मायक्रॉनची नागडी काच, केसापेक्षा थोडी जाड. ती स्पिरिटच्या कापडाने पुसताना बारीक चर्र असा आवाज येतो. तो आवाज आला की काच स्वच्छ झाली. मग क्लीव्हरने काटकोनात कापायची. कडा जरा जास्त तिरकी गेली तरी जॉइंट बिघडतो. दोन टोकं मशिनच्या खाचेत ठेवायची, पडद्यावर समोरासमोर येताना बघायची, बटण दाबायचं. निळी ठिणगी उडते आणि दोन काचांची एक होते. पडद्यावर आकडा येतो. ०.०३, ०.०५ आला की पुढे जायचं. ०.१ च्या वर आला तर तोडून पुन्हा. आधीच तंतूत ओवलेली, तापवून बसवायची नळी जॉइंटवर सरकवायची, तंतू ट्रेमध्ये सैल गुंडाळायचा. सगळे तंतू जोडून होईपर्यंत बहुधा पहाट झालेली असे आणि उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघालेल्या असत.

केबल तुटली तर कुठे तुटली हे कळायला आमच्याकडे ओटीडीआर असायचा. तो एका टोकाने प्रकाशाची बारीक ठिणगी सोडतो आणि काचेच्या कणाकणावरून उलट परत येणारा क्षीण प्रकाश मोजत बसतो. फायबरमध्ये एक किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वेळेवरून अंतर कळतं. पडद्यावर उतरती रेघ दिसते. जॉइंटला लहानशी पायरी, तुटलं तिथे एकदम कडा. कराडला बसून आम्ही सांगायचो, बिघाड पाचवड फाट्याच्या पुढे आहे, आणि गँग तिथे पोचली की बरोबर केबल तोडणारी जेसीबी सापडायची. हे यंत्र खात्याने दिलेलं म्हणून आम्ही वापरत होतो. ते ज्याच्यावर उभं आहे तो पेपर मला बराच उशिरा सापडला: बार्नोस्की आणि जेन्सन, ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीज, 'अप्लाइड ऑप्टिक्स', १९७६. काही पानांचंच काम. फायबरच्या एकाच टोकाला बसून आतली सगळी लांबी कशी तपासायची, ते दोघांनी करून दाखवलं आणि छापलं. ज्या रात्री तो वाचला त्या रात्री मला वाटलं, आपण ही रेघ वर्षानुवर्षं बघत आलो, आणि बघणाऱ्यांत पहिले कोण होते ते आज भेटले.

आणि इथेच माझ्या खंतीचा मुद्दा येतो. त्या रेघा आमच्याकडे ढिगाने होत्या. कृष्णाकाठची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, जूनमध्ये फुगते. तिच्याबरोबर पाइप हलतो, जॉइंटच्या डब्यावर ताण येतो. कुठल्या डब्यात पाणी शिरतं, कुठल्या जॉइंटची घट दर पावसाळ्यात वाढते आणि दिवाळीत उतरते, हे आमच्या लाइनमनला तोंडपाठ असे. एक साधी युक्ती आम्ही सगळे वापरायचो: तोच तंतू १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींना मोजायचा. घट १५५० ला जास्त दिसली तर तंतू कुठे तरी वाकला आहे. दोन्हीकडे सारखी दिसली तर जॉइंटच खराब. काळ्या मातीत पुरलेल्या केबलचं वीस-पंचवीस वर्षांचं वागणं या नोंदींत होतं. जगात अशा मातीत केबल टाकणारे देश काही थोडे नाहीत. आम्ही ते फॉल्ट रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बिघाड दूर केला' असा शेरा मारला, सही केली. रजिस्टर भरलं की कपाटात, कपाट भरलं की रद्दीत. छापलं कोणीच नाही. छापायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. संशोधन प्रयोगशाळेत होतं आणि चरात होते ते काम, अशी आमची आणि आमच्या साहेबांची समजूत.

निवृत्तीनंतर कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येऊ लागली. त्यांतल्या दोघांना मी हाच विषय दिला. उरलेल्या नोंदी जमवून, आलेख काढून त्यांनी मेहनतीने पेपर लिहिला. लिहून होतो न होतो तोच एकाला ईमेल आला: अमुक आंतरराष्ट्रीय जर्नल, फी भरा, आठवड्यात छापतो, प्रमाणपत्रही देतो. पोरगं खूश होऊन घरी आलं. मी विचारलं, तपासणार कोण? आठवड्यात कोण तपासेल? त्याला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचा दोषही नाही. प्राध्यापकांच्या बढतीला छापील पेपरांचे गुण मोजायला लागल्यापासून देशभर अशी दुकानं निघाली.

या दुकानांवर मोजलेला घाव पुण्यातूनच बसला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी मार्च २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये एक पेपर छापला. विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत गेलेल्या जर्नलांपैकी १००९ त्यांनी निकष लावून तपासली. निकषांना उतरली ती ११२. म्हणजे शंभरातली अकरा. पुढे आयोगाने हजारो नावं यादीतून काढली आणि नवी 'केअर' यादी केली, तिचं काम पुणे विद्यापीठातच चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद केली आणि निवड संस्थांवर सोपवली. त्या पेपरची मला मोठी किंमत वाटते. तक्रार सगळेच करत होते. यांनी मोजलं, आणि मोजलेलं छापलं.

माझ्या पोरांनी फी भरली नाही. नीट तपासणाऱ्या एका जर्नलकडे पेपर पाठवला. काही महिन्यांनी तपासनिसांचे प्रश्न आले आणि पेपर परत आला. उपकरण शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं होतं? मोजताना जमिनीचं तापमान किती होतं? मोजणारी व्यक्ती तीच होती का? तंतूचा अपवर्तनांक यंत्रात किती भरला होता? एकाही प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. पण खात्याच्या रजिस्टरला हे रकानेच नव्हते. पोरं खट्टू झाली. मी त्यांना सांगितलं, हे प्रश्न जपून ठेवा. अनोळखी माणसाने तुमचं काम शब्दन् शब्द वाचून विचारलेत, आणि यातला एकही पैसे मागणाऱ्या दुकानाने विचारला नसता.

वाचायची अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली: तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल, ६३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये. ज्या पेपरच्या काळ्या झेरॉक्ससाठी मी टपालाची वाट बघायचो, तो आता सरकारी कॉलेजातलं पोर फोनवर उघडू शकतं. खासगी कॉलेजांतली पोरं सध्या या योजनेबाहेर आहेत, हे मला पटत नाही. आमच्या भागातली बरीच पोरं तिथेच शिकतात.

वाचायचं जमलं, आता मोजायचं. त्यासाठी एक विषय तर आपल्या दारात पडला आहे. ओटीडीआर ज्या उलट्या प्रकाशावर चालतो, तोच प्रकाश आता भूकंप ऐकायला वापरतात. जमीन हलली की पुरलेला तंतू किंचित ताणला जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशात तो ताण उमटतो. २०१८ साली ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जुझेप्पे मार्रा यांच्या गटाने थोड्या वेगळ्या रीतीने, लेझरच्या लहरी जुळवून, जमिनीवरच्या आणि समुद्राखालच्या चालू केबलवर भूकंप टिपून 'सायन्स'मध्ये छापले. आमच्यापासून कोयना किती लांब आहे? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी मलकापुरातल्या प्रत्येक जुन्या घरात आहेत, आणि धक्के अजून येतात. त्यांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची भूगर्भ प्रयोगशाळा कराडला हजारमाचीत आहे. तिने गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडून कोयनेच्या पोटातला खडक वर काढला आहे. भूकंपाचं केंद्र, त्याची प्रयोगशाळा, इंजिनिअरिंग कॉलेज आणि वापरात नसलेले फायबर, सगळं एकाच जिल्ह्यात असलेली जागा जगात सहज मिळणार नाही.

यंदा आलेल्या पोरांपुढे मी हेच ठेवलं आहे. ताण मोजायचं यंत्र महाग, ते कोणाकडून तरी मागून आणावं लागेल. त्यासाठी मी पत्रं लिहितो आहे. तोवर साध्या ओटीडीआरने सुरुवात. हायवेच्या सहापदरीकरणात उकरली न गेलेली केबलची एक लांबी निवडायची, परवानगीने दोन रिकामे तंतू घ्यायचे, एक मोजायचा आणि एक पडताळ्याला. पहिली मोजणी मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना. दुसरी पाऊस लागल्यावर. नव्या वहीचे रकाने त्यांतल्या मुलींनी आखले: तारीख, वेळ, तरंगलांबी, प्रकाशाच्या नाडीची रुंदी, अपवर्तनांक, कॅलिब्रेशनची तारीख, जॉइंटचा क्रमांक, मीटरभर खोलीवरचं तापमान, मोजणाऱ्याचं नाव. शेवटी त्यांनी आणखी एक रकाना घातला, त्या चोवीस तासांत कोयनेला धक्का नोंदला गेला का, आणि किती तीव्रतेचा.